पंखा दुरुस्त करणाऱ्या मुलीने दहावीनंतर कुठे जावं?

काकू, नमस्कार.
आम्ही वडोदऱ्याला कारेलीबागेत राहतो. माझी धाकटी मुलगी यंदा गुजरात बोर्डाची दहावी पास झाली. शाळा गुजराती माध्यमाची. ८४ टक्के, गणितात ८९. ती म्हणते अकरावी नको, मला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय. मागच्या उन्हाळ्यात तिने बंद पडलेला टेबलफॅन एकटीने खोलून चालू केला. आमचे सासरे, नाना, ते सगळ्या सोसायटीत सांगत होते. पण डिप्लोमाचं नाव काढल्यापासून ते गप्प झालेत. ते रिफायनरीत होते. म्हणतात, डिप्लोमावाले आमच्या हाताखाली असत. पुण्याची नणंद म्हणते, सायन्सचा ए ग्रुप घेऊन जेईईचे क्लास लावा, तिच्या मुलाने तसंच केलं. माझा भाऊ म्हणतो कॉमर्स घे, सीए कर. ह्यांचं एकच, ज्यात नोकरी नक्की ते करावं. असा कोणता कोर्स आहे ते सांगाल का? फॉर्म भरायचे दिवस आले आहेत.
ता.क. मुलगी आहे, वर्कशॉपमध्ये कशी राहील, हीही काळजी आहेच.
– एक आई

आधी पंख्याचं बोलू.

टेबलफॅन बंद पडतो तेव्हा दोष बहुधा दोन ठिकाणी असतो. झिजलेला, तेल आटलेला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, नाहीतर कंडेन्सर. कंडेन्सर कमजोर झाला की पंखा नुसता गुणगुणत राहतो आणि पातं काडीने ढकललं की फिरू लागतो. दुकानात नेला तर माणूस बोलता बोलता नवा कंडेन्सर जोडून देतो. तुमच्या लेकीने नेमकं काय केलं ते पत्रात नाही. घरात कुणी तिला विचारलंय का? नानांनी सोसायटीत सांगितलं ते बहुतेक 'नातीने पंखा चालू केला' इतकंच असणार. त्याच्या पुढचं विचारायचं राहून गेलं.

तर आज संध्याकाळी चहाला बसलात की विचारा. कोर्सबिर्सचं नाव काढू नका. पंख्याला काय झालं होतं गं, एवढंच.

ती म्हणाली, कंडेन्सर गेला होता, बदलला, आता मिक्सरही खरखरतोय तो खोलायचाय, तर ही मुलगी बंद वस्तू चालू करण्यात रमणारी आहे. आणि ती म्हणाली, कंडेन्सर तर नुसता वीज साठवतो, मग त्याच्यावाचून पंखा फिरत का नाही ते मला अजून कळलेलं नाही, तर गोष्ट वेगळी. हिला चालू झालेल्या पंख्यापेक्षा न सुटलेलं कोडं जास्त छळतंय. उत्तर तुमच्यापुरतं सांगते. घरात येणारी वीज एका फेजची. तिच्यामुळे मोटरीत गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, जागच्या जागी हेलकावणारं होतं. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह थोडा पुढे सरकवतो आणि त्या मागेपुढे होण्यातून क्षेत्राला फेरा मिळतो. तिला हे लगेच सांगू नका, आठवडाभर डोकं खाजवू द्या.

पहिल्या प्रकारच्या मुलीला डिप्लोमात पहिल्या सहामाहीपासून करमतं. दुसरीला अकरावी-बारावीचं फिजिक्स सोडल्याची चुटपुट लागू शकते, कारण डिप्लोमात 'कसं' आधी येतं आणि 'का'ला वेळ पुरत नाही. मी तीस वर्षं डिप्लोमाच्या वर्गात उभी राहिले आहे, त्यामुळे हे लिहायला जड जातं, पण आहे ते आहे. बहुतेक मुलं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, तुमचीही असेल. तरी कल कळतो, आणि तो टक्क्यांवरून कळत नाही.

आता नाना. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, ते खरं बोलताहेत. मोठ्या सरकारी कंपन्यांत पदवीवाला इंजिनिअर अधिकारी म्हणून शिरतो आणि डिप्लोमावाला त्याच्या खालच्या श्रेणीत. ही उतरंड कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली तेव्हाही होती आणि आजही आहे. वर सरकायला डिप्लोमावाल्याला फार वर्षं लागतात, काही जण निवृत्तीपर्यंत पोचत नाहीत. नानांनी हे रोज डोळ्यांनी पाहिलं. फक्त त्यांच्या डोळ्यांसमोरचा डिप्लोमावाला बहुतेक डिप्लोमाशीच थांबलेला होता. आता थांबलंच पाहिजे असं नाही.

हिशेब कागदावर मांडून नानांच्या पुढ्यात ठेवा. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि बी.ई.ची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन, आणि मग डी टू डी, म्हणजे डिप्लोमावरून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेल्यावर उरलेली तीन, झाली सहा. पदवी त्याच वयात. मधला थांबा मात्र वेगळा. पहिल्या वाटेवर दोन वर्षांनी हातात बारावीची मार्कशीट असते, आणि तिच्यावर एकटीवर फारसं काही मिळत नाही. दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो. त्याच्यावर रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला बसता येतं, कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप करून स्टायपेंड मिळवता येतो. पुढे शिकायचं की आधी कमवायचं हे तेव्हा ती स्वतः ठरवेल, आणि तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल.

हे वाचून तुम्ही आजच डिप्लोमाचा फॉर्म भरायला निघाल, म्हणून खड्डेही दाखवते.

पहिला खड्डा गणिताचा. पुष्कळ मुलं अकरावीचं गणित नको म्हणून डिप्लोमाला येतात आणि मग चाट पडतात, कारण पहिल्याच वर्षी गणित पुढ्यात येतं. त्याहून वाईट म्हणजे नंतर ते मागे पडतं. तिसऱ्या वर्षापर्यंत इंटिग्रेशन विसरलेलं असतं आणि डी टू डी करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात बसल्यावर शेजारच्या बाकावर बारावी करून आलेली मुलं असतात, ज्यांचं एक वर्षाचं जास्तीचं गणित झालेलं आहे. माझ्या पाहण्यातली डी टू डीची मुलं प्रॅक्टिकलला इतरांना शिकवायची आणि मॅथ्सला केटी घेऊन, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, बसायची. शिवाय गुजरातेत २०२४ पासून डी टू डीसाठी डीडीसीईटी नावाची प्रवेश परीक्षा सुरू झाली, तीत गणित आहेच. तुमच्या लेकीला गणितात ८९ आहेत, तेव्हा ती गणिताला घाबरून पळत नसावी. तरी विचारून घ्या. गणितात चांगले मार्क असलेल्या मुलीही गणिताला कंटाळलेल्या असतात.

दुसरा खड्डा बंद होणाऱ्या दारांचा. आयआयटी-एनआयटीत डिप्लोमावरून मधल्या वर्षात शिरता येत नाही. आपल्याच गावात लालबागेत गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, तिथल्या बी.टेक.चा रस्ता जेईई मेनवरून जातो. मेडिकलचं दार तर डिप्लोमाने बंदच होतं, नीटला बारावीचं बायॉलॉजी लागतं. एनडीएला, म्हणजे लष्करी अकादमीला, बारावी लागते. आणि नुसत्या डिप्लोमावर थांबली तर यूपीएससी किंवा बँकेच्या अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसता येणार नाही, तिथे पदवी हवी. यातलं एखादं दार तिला खरोखर हवं असेल तर अकरावीला घाला, पंखा सुट्टीतही दुरुस्त करता येतो. ही दारं फक्त नणंदेला किंवा मामाला हवी असतील तर तो वेगळा विषय आहे.

नणंदेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण अशी नणंद प्रत्येक घरात असते. अकरावी सायन्स घेणं आणि जेईईचा क्लास लावणं या दोन गोष्टी आपण उगाच एकमेकींना बांधून टाकल्या आहेत. ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे बायॉलॉजी. ए ग्रुप घेऊन, शाळेत नीट जाऊन, बोर्डाचा अभ्यास करून, गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन इथल्याच चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जाणारी मुलं आजही आहेत, त्यांच्या जाहिराती लागत नाहीत इतकंच. क्लासवाले देतात ते 'इंटिग्रेटेड' पॅकेज मात्र नीट वाचा. नाव एका शाळेत, हजेरी कागदावर आणि मुलगी सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासात, असं असेल तर सरळ नाही म्हणा. प्रयोगशाळेचं तोंड न पाहता सायन्स शिकणाऱ्या मुलांची मला कीव येते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या, दहावी न झालेल्या मुलांना घेऊ नका असं सांगितलं. तुमच्या लेकीची दहावी झालीय, तिला ती सूचना आड येत नाही. पण अशी सूचना काढावी लागली, यावरून काय ते समजा.

एबी ग्रुप घ्या, दोन्ही दारं उघडी राहतील, असंही कुणीतरी सांगेल. गणित आणि बायॉलॉजी दोन्ही मनापासून आवडत असतील तरच घ्यावा. निर्णय पुढे ढकलायला म्हणून घेतला तर दोन वर्षं दोन्हीकडे धावपळ होते.

तुमच्या भावाला एवढंच सांगा की बारावी कोणत्याही शाखेने झाली तरी सीएच्या फाउंडेशनला बसता येतं. जी मुलगी आपणहून पाना-पक्कड घेऊन बसली तिला आतापासून जमाखर्चात बसवायची घाई कशाला?

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न, ज्यात नोकरी नक्की तो कोर्स. असा कोर्स नाही. असता तर मी माझ्याच मुलांना घातलं असतं. पण गाव बघून अंदाज बांधता येतो, आणि त्या बाबतीत वडोदरेकर नशीबवान. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटी छोटी मशिनशॉप्स आहेत, नंदेसरीला केमिकलवाले, सावलीला मेट्रोचे आणि नमो भारत गाड्यांचे डबे बनतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. ५६ विमानांच्या सौद्यातली ४० इथे जोडली जायची आहेत. ही बातमी आली तेव्हा गावातल्या निम्म्या दहावीच्या मुलांना एरोनॉटिकल करायचं होतं. एका कारखान्याच्या बातमीवर सहा वर्षांचा बेत आखू नये. चाळीस विमानं झाल्यावर पुढची ऑर्डर येईल की नाही, आली तर कधी, हे सोळा वर्षांच्या मुलीने कशाला पणाला लावायचं? म्हणून माझं नेहमीचं सांगणं: या वयात रुंद शाखा घ्यावी. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर. त्यांतून नंतर अरुंद गल्लीत शिरता येतं. मेकॅनिकलवाला विमानाच्या कारखान्यातही जातो आणि डब्यांच्याही. एखाद्या नव्या चकचकीत नावाच्या शाखेतून बाहेर येऊन रुंद रस्त्याला लागणं जास्त कठीण.

आणि रुंद शाखांपैकी मेकॅनिकलच का, हेही तिला विचारा. बुश बदलणं मेकॅनिकलचं काम, कंडेन्सर बदलणं इलेक्ट्रिकलचं. ज्या पंख्यावरून हे सगळं सुरू झालं तो अर्धा या खात्यात, अर्धा त्या. 'मशीन' म्हणजे मेकॅनिकल, इतक्याच माहितीवर शाखा निवडलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. मोटर, वाइंडिंग, पॅनेल यांचं तिला कुतूहल असेल तर इलेक्ट्रिकल पहिल्या नंबरावर टाकावं.

आयटीआयचं नाव तुमच्या घरात कुणी घेतलेलं नाही, मीच घेते. गोरवा, तरसाळी इथल्या आयटीआयत फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर असे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. ते करून सी टू डीने, म्हणजे आयटीआयवरून थेट, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, म्हणजे तिथूनही जिना वर जातोच. ८४ टक्क्यांच्या मुलीने सरळ डिप्लोमाला जावं असं मी म्हणेन. पण शेजारपाजारी कुणाला ५०-५५ टक्के असतील आणि मुलाचा हात चांगला असेल, तर त्याला महागड्या खासगी कॉलेजात रडतखडत ढकलण्यापेक्षा हे बरं.

नानांचं मन वळवायचं असेल तर त्यांना कलाभवनाची आठवण करून द्या. मांडवी-रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाला ती इमारत दाखवावी लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञाच्या हाती दिलं, आणि तिथे रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे हाताचे विषय शिकवले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून निघालेले दादासाहेब फाळके त्याच सुमारास शिकायला इथे आले. महाराजांच्या नावाचं विद्यापीठ झालं १९४९ मध्ये, म्हणजे एकोणसाठ वर्षांनी, आणि त्याची इंजिनिअरिंग फॅकल्टी आपलं मूळ त्याच कलाभवनात सांगते. या गावात वर्कशॉप आधी आलं आणि विद्यापीठ मागून. नाना इतिहासात रमणारे असतील तर एवढ्यावर गप्पांना सुरुवात होईल. नसतील तर सहा वर्षांचा कागद पुरे.

भाषेचं एक राहिलं. तुमच्याकडे घरी मराठी, शाळेत गुजराती आणि पुढे पुस्तकं इंग्रजी. पहिली सहामाही मुलं यानेच बावचळतात, विषयाने नाही. जीटीयूच्या, म्हणजे गुजरातच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि गुजराती दोन्हींत छापलेल्या असतात, त्यामुळे परीक्षेत अडणार नाही. पण उत्तरं सुरुवातीपासून इंग्रजीत लिहायची सवय लावा, पदवीला गेल्यावर गुजरातीचा टेकू निघतो. वर्कशॉपमध्ये मात्र तिला घरच्यासारखं वाटेल. कानस मराठीत कानस आणि गुजरातीतही कानसच, पक्कडही तीच. त्या खोलीत कुणी 'फाइल' म्हणत नाही, ती ऑफिसात असते.

आता ता.क. माझी आईसुद्धा पत्रात खरं काय ते ता.क.मध्येच लिहायची.

माझ्या नोकरीची पहिलीच वर्षं. मेकॅनिकलच्या एका वर्गात सगळी मुलं आणि एक मुलगी. वर्कशॉपच्या पहिल्या तासाला प्रत्येकाला लोखंडाचा तुकडा देतात. तो व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरून कानसेने घासायचा, सगळ्या बाजू सपाट आणि कोपरे काटकोनात. काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा घासा. दोन-तीन आठवडे हेच. हातांना फोड येतात, मुलं वैतागतात. या मुलीला इन्स्ट्रक्टरनी काय दिलं? हजेरीचं रजिस्टर. 'तू बस बेटा, तुझं अक्षर चांगलं आहे, नावं लिही.' त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते तिला जपत होते. महिनाभर ती नावं लिहीत राहिली आणि मी रोज काचेच्या पलीकडून ते बघत होते. मलाही वाटलं, बरं आहे, पोरगी सुरक्षित आहे. शेवटी तीच एक दिवस रजिस्टर ठेवून व्हाइसपाशी जाऊन उभी राहिली. एक महिना मागे होती, तुकडा सगळ्यांच्या नंतर दिला, पण गुण्याखाली उजेड दिसला नाही. तिचं पुढे काय झालं, कोण मोठी अधिकारी झाली, असं काही मी सांगणार नाही. पास झाली, नोकरीला लागली, मग माझा संपर्क सुटला. मला तो महिना आठवतो, कारण त्यात माझीही चूक होती.

म्हणून तुमच्या 'कशी राहील' या प्रश्नाला मी दुसरा प्रश्न जोडते. तिला तिथे काम करू देतील का, की जपून ठेवतील? लेथ म्हणजे लोखंड फिरवून कापायचं यंत्र. त्यावर केस बांधलेले हवेत, ओढणी नको, बांगड्या-अंगठी नको, बाही सैल नको, पायात बंद बूट हवेत. मुलांनाही हाच नियम आहे, लेथच्या फिरत्या भागाला मुलगा-मुलगी कळत नाही. हे पाळलं तर वर्कशॉप धोक्याचं नाही. फोडणी करताना तुम्ही घेता तितकीच काळजी.

काळजी करायची तर ती आडव्यातिडव्या गोष्टींची करा, ज्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. मुलींचं टॉयलेट वर्कशॉपच्या इमारतीत आहे की दोन इमारती ओलांडून? वर्गात आणखी मुली आहेत का? कॉम्प्युटरला असतात, मेकॅनिकलला एक-दोन असल्या तरी पुष्कळ. एकटीच असेल तर पहिले सहा महिने कंटाळवाणे जातात हे तिला आधीच सांगा. घरून जायला-यायला किती वेळ, सिटी बस मिळते का? पुढे नोकरीत सावली-हालोलकडे कंपनीची बस असते का, शिफ्ट कशी लागते, हे आत्ताच एखाद्या नोकरी करणाऱ्या मुलीला गाठून विचारता आलं तर उत्तम. तिच्या तोंडून ऐकलेलं तुमच्या लेकीला माझ्या पत्रापेक्षा जास्त पटेल.

आणि 'मुलगी आहे' याचा एक फायदाही घ्या. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती नावाची शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे, वर्षाला ५०,००० रुपये, डिप्लोमालाही मिळते. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत देतात, तेव्हा धाकटी म्हणून ती बाद होत नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना वेगळी. तिला दहावीत ८० पर्सेंटाइल आणि ६ लाखांच्या आत उत्पन्न लागतं. इथे एक गंमत असते, टक्के वेगळे आणि पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांतली किती मुलं आपल्या मागे, तो आकडा वेगळा, आणि नातेवाईक त्यांतला जो आकडा मोठा तोच सांगतात. फॉर्म भरताना कोणता विचारलाय ते नीट बघा. अकरावी सायन्सलाच घातलंत तर नमो सरस्वती योजनेत दोन वर्षांचे मिळून २५,००० रुपये आहेत, शाळेत विचारा. उत्पन्नाचा दाखला मात्र आजच काढायला टाका. यातली प्रत्येक योजना शेवटी त्या एका कागदापाशी अडते.

माझं मत विचाराल तर पत्रावरून मला ती डिप्लोमाची वाटते. पण मी पंख्याबद्दल तिचं उत्तर ऐकलेलं नाही, तुम्ही ऐकाल. 'का' वाली निघाली तर ए ग्रुप घ्या, क्लासशिवाय किंवा एखाद्या साध्या ट्यूशनसह, आणि घरात एक खोकं भरून बिघडलेल्या वस्तू ठेवा. 'कसं' वाली निघाली तर डिप्लोमाचा ऑनलाइन फॉर्म भरा. चॉइस भरताना मिळेल की नाही याचा विचार करू नका, जे सगळ्यांत जास्त हवं ते वर टाका. जागा मेरिटप्रमाणे आणि तुमच्या क्रमाने मिळते, वरची चॉइस लागली नाही म्हणून खालची हातची जात नाही. शाखा आणि कॉलेज यांत ओढाताण झाली तर शाखा धरा. फक्त जिथलं वर्कशॉप बंद असतं असं कॉलेज धरू नका, त्याची इमारत कितीही देखणी असो.

ते कळायचा एकच उपाय आहे, स्वतः जाऊन बघायचं. शनिवार-रविवारी नव्हे, काम चालू असलेल्या दिवशी. नानांना बरोबर घ्या. लेथवर ताजा कीस पडलेला आहे की धूळ, हे रिफायनरीतल्या माणसाला दारातूनच कळेल. मागच्या वर्षी किती मुलं डी टू डीला गेली, ते तिथल्या मास्तरांना त्यांनाच विचारू द्या. त्यांच्या वयाच्या माणसाला मास्तर टोलवत नाहीत. लेकीला प्रश्न विचारायला लावू नका, ती बघत राहील ते पुरे.

ता.क. त्या दिवशी तिला बंद बूट घालायला सांगा. चपला असल्या की आत सोडत नाहीत, आणि मग बाहेर बाकावर बसावं लागतं.